प्रगतिपुस्तकापलीकडचा उन्हाळा

सोलापूरचा उन्हाळा कोणाची गय करीत नाही. एप्रिल सरता सरता पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, दुपारी सात रस्त्यावरची वर्दळही ओसरते आणि अशा तापलेल्या दिवसांत, १ मेच्या सुमारास, मुलांच्या हाती वार्षिक प्रगतिपुस्तके पडतात. काही घरांत पेढे वाटले जातात. काही घरांत मात्र ते पुस्तक दप्तराच्या तळाशीच राहते, मोठ्यांचे आवाज चढतात आणि एक मूल मान खाली घालून कोपऱ्यात उभे राहते. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे सर्वांत आधी लक्ष जाते ते बहुधा घरातील आजी-आजोबांचे. पुढचे सहा आठवडे ते मूल त्यांच्याच सोबतीला असणार असते.

आपल्या घरी असे नातवंड असेल, किंवा अशा मुलाची देखभाल आपल्याकडे असेल, तर सुट्टीच्या तोंडावर एक पेच आपल्यासमोर उभा राहतो. आई-वडील म्हणतात, सुट्टीतही शिकवणी लावू, मागे पडलेला अभ्यास भरून काढू. मूल मोबाइलकडे डोळे लावून बसते. या दोन टोकांमध्ये उन्हाळी शिबिर हा तिसरा मार्ग आहे. हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांना शिबिर आवडतेच. परंतु ज्याला शाळा जड जाते, त्याला शिबिराची गरज अधिक असते. ती का, आणि शिबिराकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेतले तर सुट्टीचा निर्णय सोपा होईल.

आधी कारण शोधावे

‘अभ्यासात मागे’ हे निदान नव्हे. ताप हे जसे लक्षण, तसेच हेही एक लक्षण आहे. तापाचे कारण न शोधता औषध देणे जसे अयोग्य, तसेच कारण न पाहता मुलाला शिकवणीस बसवणेही अयोग्य. म्हणून सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात दोन साध्या तपासण्या करून घ्याव्यात : डोळ्यांची आणि कानांची. फळ्यावरील अक्षर अंधुक दिसत असेल तर मूल तक्रार करीत नाही. सर्वांनाच तसे दिसते, असा त्याचा समज असतो. वारंवार कान वाहणाऱ्या मुलास शिक्षकांचे निम्मे बोलणे ऐकूच जात नाही. अपुरी झोप, सकाळी उपाशी शाळेत जाणे, रक्तातील लोहाची कमतरता, दीर्घ आजारपणात बुडालेले दिवस, ही कारणेही तितकीच महत्त्वाची असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. शासकीय शाळेतील मुलास त्याचा लाभ मिळाला आहे का, याची शाळेत चौकशी करावी.

सोलापूरच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानी घ्यावे लागते, ते म्हणजे भाषा. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या भाषा एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातील विणकर कुटुंबात घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी-हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशी तारेवरची कसरत सहा वर्षांचे मूल रोज करीत असते. ते वर्गात गप्प राहते याचा अर्थ त्याला समजत नाही असा नसून, उत्तर कोणत्या भाषेत द्यावे हे त्यास सुचत नाही, असाही असू शकतो. अनेक भाषा येणे ही उणीव नाही, ती त्या मुलाची संपत्ती आहे. फक्त ती मोजण्याची सोय प्रगतिपुस्तकात नसते.

काही मुलांची बुद्धी उत्तम असते, बोलणे चुरचुरीत असते, गोष्टी तोंडपाठ असतात. परंतु वाचताना अक्षरे निसटतात, काना-मात्रा गळतात, जोडाक्षरांपाशी ती अडखळतात, फळ्यावरून वहीत उतरवताना ओळी सुटतात. अशा वेळी विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता विचारात घ्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला आहे. वयाच्या आठव्या वर्षी किंवा तिसरीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, मुलांची प्राथमिक चाचणी व्हावी असे शासनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे असते. बालरोगतज्ज्ञ किंवा शासकीय रुग्णालय येथून आपल्याला पुढील दिशा मिळू शकते. हा आळस नाही आणि हट्टही नाही, एवढे घरातील सर्वांना पटले तरी मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.

सुट्टीत काय निसटते, काय साचते

दीर्घ सुट्टीत शिकलेले काही प्रमाणात विसरले जाते, हा पालकांचा अनुभव खोटा नाही. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उन्हाळी सुट्टीनंतर मुलांची शैक्षणिक पातळी सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी घसरते आणि ही घट वाचनापेक्षा गणितात अधिक असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही घट नेमकी किती, यावर पुढे संशोधकांत मतभेद झाले. परंतु आधीच मागे असलेल्या मुलाला थोडीशी घसरणही महाग पडते, हे समजण्यास मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही.

निसटण्याहून गंभीर गोष्ट असते ती साचण्याची. वर्षभर ‘तुला येत नाही’ हे शब्द ऐकलेल्या मुलाच्या मनात स्वतःविषयी एक मत तयार होते. आठ-दहा वर्षांच्या वयात मूल स्वतःची तुलना इतरांशी करू लागते. आपण ‘ढ’ आहोत, हे त्याने एकदा स्वीकारले, की ते प्रयत्न करणेच सोडून देते. कारण प्रयत्न केला नाही तर निदान अपयश तरी येणार नाही, असे त्याचे साधे गणित असते. सुट्टी ही हे मत बदलण्याची वर्षातील सर्वांत मोठी संधी आहे. ती केवळ शिकवणीत घालवली तर मुलाच्या दृष्टीने शाळाच बाराही महिने चालू राहते, आणि त्याचे स्वतःविषयीचे मतही जसेच्या तसे राहते.

शिबिर काय देऊ शकते

या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आपल्याच देशातून मिळते. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या पद्धतीनुसार शासकीय शिक्षकांनी सुट्टीत सुमारे महिनाभराची शिबिरे घेतली. तिसरी ते पाचवीतील, वाचनात मागे असलेली मुले त्यांत होती. त्या थोड्या आठवड्यांत मुलांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली. उलट शाळेच्या नियमित वर्षात शिक्षकांना त्याच पद्धतीचे केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. शिक्षक तेच, मुले तशीच. मग बदलले काय? शिबिरात अभ्यासक्रम संपवण्याची घाई नव्हती. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता ते कोठपर्यंत पोहोचले आहे, हे पाहून तेथून शिकवले गेले. पुढे उत्तर प्रदेशात दहा किंवा वीस दिवसांची, एकूण सुमारे ५० दिवस भरणारी अशीच शिबिरे झाली. तेथे परिच्छेद वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण शिबिरे न झालेल्या शाळांच्या मानाने सुमारे दुप्पट आढळले. या प्रयोगांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी हे दोघे.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा : मागे पडलेल्या मुलाला अधिक तास नको असतात, त्याच्या पायरीपासून सुरुवात हवी असते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नसेल तर पाचवीची शिकवणी त्याच्या उपयोगाची नाही.

सर्वच शिबिरे वाचन-गणिताची नसतात, आणि तशी असण्याची गरजही नाही. मातीकाम, नाटक, पोहणे, पक्षिनिरीक्षण, कागदकाम यांचेही आपापले मोल आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा गाठी मारण्यात सर्वांत तरबेज निघतो, किंवा एखादी अबोल मुलगी रंगमंचावर मोकळी होते, तेव्हा त्याला किंवा तिला प्रथमच कोणीतरी विचारते, ‘हे कसे केलेस, मला दाखव ना!’ त्या एका प्रश्नाने मुलाच्या मनातील स्वतःचे चित्र थोडे बदलते. शिबिरात सोबतीची मुले नवी असतात. त्यांना याचे गुण ठाऊक नसतात, म्हणून याच्यावर जुना शिक्काही नसतो.

मैत्रीचा लाभही मोलाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात सहावीतील मुले पाच दिवस निसर्ग शिबिरात, मोबाइल व दूरचित्रवाणीपासून पूर्ण दूर राहिली. त्यानंतर चेहऱ्यावरील आणि देहबोलीतील भावना ओळखण्याची त्यांची क्षमता, नेहमीप्रमाणे घरी राहिलेल्या मुलांच्या तुलनेत अधिक सुधारली. समोरासमोर बसून खेळण्या-भांडण्याला पर्याय नाही, हे आपण अंगणात वाढलेल्या पिढीने अनुभवलेच आहे.

शरीरालाही शिबिराचा उपयोग होतो. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमणूक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेतील लहान मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेले गेले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात दूरचा चष्मा, म्हणजे लघुदृष्टी, लागण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर इतर मुलांत सुमारे ४० टक्के होते. दिवसा खेळून दमलेले मूल रात्री लवकर झोपते, आणि झोप नीट झाली की लक्ष व स्मरण दोन्ही सुधारतात.

ही वाट आपल्याकडेही जुनीच

मुलाला शाळेपर्यंत ओढण्याऐवजी शिक्षण मुलापर्यंत नेण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षिकाच कुरणात गेल्या आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. दगड, पाने, बिया हेच तेथील शैक्षणिक साहित्य. पुण्यात १९८५ मध्ये सुरू झालेल्या गरवारे बालभवनाने शोभा भागवत यांच्या मार्गदर्शनाखाली खेळ, गाणी, हस्तकला यांतून मुलांना फुलवण्याची परंपरा रुजवली. स्पर्धा नाही, गुण नाहीत आणि तरीही शिकणे आहे, हे अशा ठिकाणांचे सूत्र असते. चांगले शिबिर ओळखण्याची खूणही तीच.

शिबिर निवडताना विचारावयाचे प्रश्न

जाहिरातीतील रंगीत चित्रांवर न जाता आयोजकांना प्रत्यक्ष भेटावे आणि पुढील गोष्टी शांतपणे विचाराव्यात.

एका ताईंकडे किंवा दादांकडे किती मुले असतील? मागे पडणाऱ्या मुलाला लहान गट मानवतो.

शेवटी स्पर्धा आणि बक्षिसे आहेत का? असल्यास प्रत्येक मुलाला काही सादर करण्याची संधी आहे का?

मुलाच्या अडचणी सांगितल्या तर त्या सर्वांसमोर उच्चारल्या जाणार नाहीत ना? आपणही त्या मुलादेखत सांगू नयेत.

पिण्याचे पाणी, सावली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची सोय आहे का? मुलींसाठी महिला कार्यकर्त्या आहेत का? मुलाला घेऊन जाणारी व्यक्ती कोण, याची नोंद ठेवली जाते का?

मुलास दमा, फिट्स, अॅलर्जी असल्यास, किंवा चंचलतेसाठी औषध चालू असल्यास, ते लेखी कळवावे. सुट्टी आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये.

शिबिर सुरू झाल्यावरही मुलाचे ऐकावे. तीन-चार दिवस कुरकुर होणे स्वाभाविक आहे; मात्र मूल एखाद्या व्यक्तीविषयी भीती व्यक्त करीत असेल, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे.

उन्हाचे भान

आपल्या हवेत शिबिराची वेळ हीच पहिली अट. मैदानी कार्यक्रम सकाळी साडेनऊ-दहापूर्वी संपावेत. उरलेले छपराखाली व्हावेत. मुलाला सैल सुती कपडे, टोपी आणि स्वतःची पाण्याची बाटली द्यावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी, घरी आल्यावर ताक, पन्हे किंवा लिंबू-साखर-मिठाचे पाणी द्यावे.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांत गोळे ही उन्हाचा त्रास होत असल्याची लक्षणे होत. मुलाला तत्काळ सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि शुद्धीवर असल्यास घोट घोट पाणी द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग गार करीत राहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. मुलाला ने-आण करताना आपणही तेच ऊन सोसत असता, हे विसरू नये. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे.

शुल्क परवडत नसेल तर

शिबिराचे शुल्क प्रत्येक घराला झेपेलच असे नाही, आणि मुलाला दूर धाडण्याची प्रत्येकाची तयारीही नसते. अशा वेळी गल्लीतील चार-पाच मुले आणि दोन आजी-आजोबा एवढ्यावर उत्तम शिबिर उभे राहते. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास पुरेत.

सकाळी चालत निघावे. सात रस्त्यापासून विजापूर रोडने धर्मवीर संभाजी तलाव गाठता येतो. वाटेतील दुकानांच्या पाट्या मुलांनी मोठ्याने वाचाव्यात. ज्याला तेलुगू किंवा कन्नड अक्षरे येतात, त्याने ती इतरांना शिकवावीत. एके दिवशी भुईकोट किल्ला पाहावा, एके दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबावे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ती कथा आपल्या तोंडून ऐकलेले मूल इतिहासाचे पुस्तक वेगळ्या नजरेने उघडेल. जमल्यास केगावच्या विज्ञान केंद्रात एक फेरी घालावी.

घरी परतल्यावर हाताला काम द्यावे. शेंगाचटणीसाठी पाव किलो दाणे, त्यांना किती लसूण, किती तिखट, हे मापून लिहिताना अपूर्णांक समजू लागतात. सोलापुरी चादरीवरील नक्षी किती वेळा परत येते हे मोजताना पाढे आपोआप येतात. घरात कोणी मागावर काम केलेले असेल तर ताणा-बाणा म्हणजे काय, हे त्यांनी दोरे घेऊन दाखवावे. शेवटची वीस मिनिटे वाचनाची ठेवावीत : एक ओळ आपण वाचावी, एक मुलाने, अडल्यास शब्द हळूच सांगून पुढे जावे. चूक लाल शाईने दाखवू नये. आपले डोळे साथ देत नसतील तर ‘मला नीट दिसत नाही, तू वाचून दाखव’ एवढे म्हणावे. ज्याला सर्वजण शिकवत असतात, त्याला कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचा आनंद क्वचितच मिळतो.

मर्यादाही ओळखाव्यात

शिबिर हा जादूचा मंत्र नव्हे. अध्ययन अक्षमता दहा दिवसांत जात नाही. तिला प्रशिक्षित शिक्षकाचे दीर्घकाळ साहाय्य आणि शाळेतील सवलती लागतात. मूल सतत उदास राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि शिबिरात मिळालेले बळ जूनमध्ये शाळा उघडताच विरून जाऊ नये, यासाठी वाचनाची ती वीस मिनिटे पुढेही चालू ठेवावी लागतात. नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून मुलाच्या अडचणीबरोबर त्याचे एक बलस्थानही सांगावे. शिबिराने ते आपल्याला दाखवलेले असेल.

आई-वडिलांची काळजीही समजून घ्यावी. त्यांचा राग हा बहुधा भीतीचाच दुसरा चेहरा असतो. त्यांच्याशी वाद न घालता, मूल झोपल्यावर, शांतपणे बोलावे. चुलत-आतेभावंडांच्या गुणांची तुलना मात्र आपल्या तोंडून कधी होऊ देऊ नये. आजीचा एक सहज शब्द मूल वर्षानुवर्षे जपून ठेवते, गोडही आणि कडूही.

रोज संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ असे विचारून पाहावे. पहिल्या दिवशी एका शब्दात उत्तर येईल. आठवडाभराने कदाचित ते संपता संपणार नाही. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐकत बसावे.